सहलीच्या यादीतून कोणाला वगळायचे?

शासकीय खर्चाने निघणारी शैक्षणिक सहल केवळ आदिवासी विद्यार्थ्यांपुरती असावी काय? कोलाम, गोंड, परधान, आंध या जमातींची वस्ती असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

मे २०१८ मध्ये शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट सर केले. आदिवासी विकास विभागाच्या ‘मिशन शौर्य’विना दुर्गम गावांतील या मुलांना ही संधी मिळणे कठीण होते. राज्यघटनेच्या १५(४) कलमाने १९५१ पासून अशा विशेष तरतुदींना आधार दिला आहे. त्यांना पक्षपात म्हणणे चुकीचे ठरेल.

पेच उभा राहतो तो गावातील जिल्हा परिषद शाळेत. तेथे कोलाम पोडावरचा मुलगा आणि बिगरआदिवासी शेतमजुराची मुलगी एकाच वर्गात शिकतात. नागपूर दोघांनीही पाहिलेले नसते. सहलीच्या यादीत मात्र एकाचेच नाव आले, तर दोघांच्याही मनात जातीची जाणीव नको त्या वयात रुजते.

यावर उपाय म्हणून आदिवासींची सहल बंद करणे अन्यायाचे होईल. त्यांचा निधी इतरांसाठी वळविणेही तितकेच गैर आहे. इतर गरीब मुलांचा खर्च जिल्हा परिषदेने स्वतंत्रपणे उचलावा आणि संपूर्ण वर्ग एकाच बसने न्यावा. हिशेब वेगळे ठेवता येतात. त्यासाठी मुले वेगळी करण्याचे कारण नाही.