दुखणं मोजलं, घर कधी मोजणार?

आमच्या दिघोरी गावात भाताच्या रोवणीचे दिवस आले की माझ्या पोटात गोळा येतो. बारा वर्षांच्या भाच्याला सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. पावसात भिजला की त्याचे गुडघे ठणकू लागतात. मग ताई बांधीतला चिखल पायाला तसाच घेऊन घर गाठते. कोमट पाणी पाजते, सांधे शेकते. त्या दिवसाची मजुरी बुडालीच.

या आजाराचा अभ्यास आपल्याकडे नवा नाही. मध्य भारतातल्या सिकलसेलवर शुक्ला आणि सोळंकी यांचा निबंध १९५८ मध्येच ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. २०२३ पासून राष्ट्रीय निर्मूलन अभियान सुरू आहे, लक्ष्य २०४७ पर्यंतचं. आई-बाप दोघेही वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. तरी बोल लागतो तो एकट्या आईला.

संशोधकांनी हिमोग्लोबिनसोबत बुडालेली मजुरी, शाळेचे खाडे आणि आईचं जागरणही नोंदवावं. शासनाने या आजारावरच्या हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या जवळच्या आरोग्य केंद्रात, खंड न पडता द्याव्यात. आणि आपण सोयरीक जुळवताना पत्रिकेआधी दोघांच्या रक्ताचा रिपोर्ट बघावा.