चिठ्ठी नको, पत्र लिहा



भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला सध्या आवणीची घाई चालू आहे. अशा भर पावसात परवा शेंडीजवळच्या एका वाडीतले गृहस्थ भाताच्या पिवळ्या पडलेल्या रोपांची मूठ घेऊन माझ्याकडे आले. सोबत त्यांची मुलगी होती. रोपांचे बोलणे झाले. मग त्यांनी सदऱ्याच्या आतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला एक कागद काढला. ते म्हणाले, "साहेब, पोरीचा अर्ज हाय. तुमची वळख असंल तर एक चिठ्ठी द्या. वशिल्याबिगर कुठं काय व्हतंय?"

मी कागद वाचला. एका दूध संस्थेच्या संकलन केंद्रावर मदतनीस हवा होता, त्या जागेचा तो अर्ज. अक्षर मोत्यासारखे. मजकूर मात्र असा, की मी अत्यंत गरीब कुटुंबातील असून मला नोकरीची नितांत गरज आहे, तरी मेहेरबान साहेबांनी माझ्यावर दया करावी, ही नम्र विनंती. खाली 'आपली आज्ञाधारक'. बस्स, एवढेच.

यातला एकही शब्द खोटा नव्हता. आपल्याकडची परिस्थिती तुम्हांला मी काय सांगावी? भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. त्याचे पाणी प्रवरेतून ओझरच्या बंधाऱ्याला जाते आणि तेथून कालव्यांनी खालच्या तालुक्यांत फिरते. डोंगरउतारावरची आपली भाताची खाचरे मात्र पावसावरच. आवणी उरकली की कितीतरी घरांतली माणसे नारायणगावच्या बाजूला मजुरीला जातात. त्यांत शिकलेली पोरेही असतात. तेव्हा घराजवळची नोकरी म्हणजे काय, हे त्या बापाला कळत होते. पण गरज तर अर्ज करणाऱ्या प्रत्येकालाच असते. अर्ज वाचणाऱ्याला वेगळेच जाणून घ्यायचे असते. आपले काम ही व्यक्ती करील का, नीट करील का?

मी मुलीला विचारले, "पोरी, तुला दुधातले काय येते?" तेव्हा ती बोलू लागली. वाडीतल्या छोट्या केंद्रावर ती दोन वर्षे सकाळ-संध्याकाळ चुलत्याला मदत करते. नमुना घेते, फॅट आणि एसएनएफ काढते, वहीत टिपते. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून भाव ठरतो आणि कमी भरले की दर कसा उतरतो, हे तिने मला घडाघडा सांगितले. दहा दिवसांचा हिशेब तीच करते. संगणकाचा कोर्सही झालेला. मी म्हटले, "अगं, मग यातले एक अक्षरही कागदावर का नाही?" ती म्हणाली, "हे काय लिहायचं असतं व्हय?"

बंधू-भगिनींनो, हेच तर लिहायचे असते!

तिला मी कल्याणच्या आनंदीबाई जोशी यांची गोष्ट सांगितली. १८८३ साली अठरा वर्षांची ही मुलगी अमेरिकेत पोचली. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात प्रवेश मिळावा म्हणून तिने तिथल्या अधिकाऱ्यांना पत्र लिहिले. आपण कशासाठी आलो ते तिने सरळ सांगितले. आपल्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांना औषधपाणी करायचे आहे. प्रवेशाच्या सगळ्या अटींत आपण बसत नसू, हे तिने लपवले नाही. पण आपली प्रकृती चांगली आहे आणि मित्रमंडळींचा व जातीचा विरोध असताना इथवर येण्याचा निश्चय आपल्यात आहे, हेही लिहिले. कॉलेजने तिला घेतले. १८८६ च्या मार्चमध्ये ती डॉक्टर झाली. पुढच्याच वर्षी तिचे निधन झाले, हे आपले दुर्दैव. पण ते पत्र पाहा. उणे होते ते कबूल केले, बळ होते ते पुढे ठेवले.

आता माझेच सांगतो. राहुरीहून बी.एस्सी. होऊन आलो तेव्हा एका बियाणे कंपनीला मी तीन पाने पत्र लिहिले. शेतीचे महत्त्व, देशाची प्रगती, सगळे त्यात होते. उत्तर आले नाही. पुढे तिथले एक गृहस्थ भेटले. हसून म्हणाले, "तुम्हांला कोणती जागा हवी होती, तेच आम्हांला कळले नाही."

म्हणून पत्र एकाच पानाचे असावे. पहिल्या दोन ओळींत कोणत्या जागेसाठी अर्ज आहे आणि जाहिरात कुठे वाचली ते लिहावे. मग त्या कामातले आपल्याला काय येते ते, आकडा आणि दाखला देऊन. 'मी कष्टाळू आहे' असे कोणीही लिहील. 'दोन वर्षे रोज चाळीस जणांच्या दुधाची नोंद ठेवते' असे लिहिले की कष्ट आपोआप दिसतात. जे येत नाही ते येते म्हणून लिहू नये, मुलाखतीत पहिल्या प्रश्नाला उघडे पडते. शेवटी कामावर कधीपासून येता येईल ते आणि फोन नंबर. शिक्षण, गुण, जन्मतारीख हे सारे बायोडाट्यात जाते, ते पत्रात पुन्हा नको.

त्या मुलीने माझ्या टेबलावर बसून नवे पत्र लिहिले ते असे:

"महोदय, आपल्या संकलन केंद्रावरील मदतनीसाच्या जागेची सूचना मी राजूर येथे वाचली. त्या जागेसाठी हा अर्ज करीत आहे. आमच्या वाडीतील केंद्रावर मी दोन वर्षे दुधाची तपासणी व नोंद करते. रोज सुमारे चाळीस उत्पादकांचे दूध येते. दहा दिवसांचा हिशेब मी स्वतः करते. संगणकावर मराठी टाइप करता येते. आपल्याकडचे मोठे यंत्र मी वापरलेले नाही, परंतु शिकण्याची तयारी आहे. पहाटे पाचला हजर राहू शकते. बायोडाटा सोबत जोडला आहे."

चिठ्ठी मी दिली नाही. बाप थोडा खट्टू झाला, पण पत्र त्याने दोनदा वाचून घेतले.

आणखी थोडे व्यवहाराचे. सरकारी भरतीचे अर्ज आता बहुतेक ऑनलाइन भरतात, तिथे असे पत्र लागत नाही. पण दूध संस्था, सोसायटी, शेतकरी उत्पादक कंपनी, रोपवाटिका, खासगी शाळा, पर्यटकांची हॉटेले, येथे पत्राला अजून किंमत आहे. ई-मेलने पाठवायचे तर विषयाच्या जागी पदाचे नाव लिहावे आणि बायोडाटा पीडीएफ करून जोडावा. आपल्याकडे डोंगरात रेंज जाते, म्हणून गावात राहणाऱ्या नातेवाइकाचा दुसरा नंबर त्याला विचारून द्यावा. पावसात वीज जाते, तेव्हा शेवटच्या तारखेची वाट पाहू नये. मूळ दाखले कोणाच्याही हाती देऊ नयेत, झेरॉक्स द्यावी. सरकारी परीक्षेची जाहीर केलेली फी वेगळी, पण नोकरी लावून देतो म्हणून कोणी पैसे मागितले तर त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवावे. त्यापायी बैल आणि दागिने विकलेली घरे मी पाहिली आहेत.

हा अंक छापायला जाण्याआधी मुलीचा फोन आला. सोमवारी मुलाखतीला बोलावले आहे. जागा एकच आणि येणारे पुष्कळ. मिळेल की नाही, सांगता येत नाही. पण बोलावणे कोणाच्या चिठ्ठीवर आलेले नाही, तिच्या स्वतःच्या पत्रावर आले आहे. तुमच्या घरातही असा एखादा कागद लिहून ठेवलेला असेल. आज रात्री जेवणे झाली की तो काढून मोठ्याने वाचा. आणि त्यात आपल्या लेकराला काय येते ते लिहिले आहे का, एवढे तपासा.

पुढच्या आठवड्यात भातावरील करपा रोगाविषयी.