दुसरे आगमन

चाळिशी ओलांडलेल्या माणसांनी विजेवरच्या गिटारी खांद्याला अडकवून पुन्हा रंगमंचावर उभे राहावे, याचे आपल्याकडे बहुधा हसूच होते. पोरांची लग्ने जमवायच्या वयात हे कसले खूळ, असे म्हणून आपण मोकळे होतो. मुंबईच्या ‘इंडस क्रीड’विषयी मला मात्र असे म्हणवत नाही.

१९८४ साली ‘रॉक मशीन’ या नावाने हा चमू उभा राहिला. त्या काळी रंगभवनात जमणाऱ्या श्रोत्यांना परदेशी बँडांची गाणी हुबेहूब हवी असत. नक्कल जितकी बिनचूक, तितक्या टाळ्या अधिक! या मंडळींनी १९८८ मध्ये स्वतःच्या गाण्यांची ध्वनिमुद्रिका काढली, १९९० मध्ये दुसरी काढली. तिचे नाव होते ‘द सेकंड कमिंग’, म्हणजे दुसरे आगमन. (खरे दुसरे आगमन व्हायला अजून वीस वर्षे होती, हे त्यांना तरी कुठे ठाऊक!) १९९३ मध्ये सिंधू नदीची आठवण देणारे नवे नाव त्यांनी घेतले, १९९५ मध्ये त्या नावाची ध्वनिमुद्रिका आली आणि १९९७ मध्ये सारे पांगले. गायक उदय बेनेगल न्यूयॉर्कला गेला.

२०१० मध्ये बेनेगल, गिटारवादक महेश तिनईकर आणि कीबोर्डवरचा झुबिन बालापोरिया पुन्हा एकत्र आले. ड्रम व बास गिटार तरुणांच्या हाती दिली. आता जुनी गाणी वाजवीत गावोगाव हिंडणे किती सोपे होते! श्रोते स्वतःचे तारुण्य आठवीत डोळे पुसतात, तिकिटेही खपतात. त्यांनी ते केले नाही. २०१२ मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ ही अगदी नव्या गाण्यांची ध्वनिमुद्रिका काढली. आधीच्या ध्वनिमुद्रिकेनंतर सतरा वर्षांनी! मला त्यांचा मोठेपणा दिसतो तो इथे.

‘पण ही इंग्रजी गाणी, आम्हा कोल्हापूरकरांना त्यांचे काय?’ असे कुणी विचारील. त्याने जरा आपल्याच गावाकडे पाहावे. अल्लादियाखाँसाहेबांचा आवाज उमेदीच्या काळात अतोनात गाण्याने गेला. परतला तो पूर्वीचा नव्हता. गेलेल्या आवाजाची नक्कल करीत न बसता खाँसाहेबांनी उरलेल्या आवाजाला साजेशी गायकीच नव्याने बांधली. शाहू महाराजांच्या आश्रयाने ती इथे नांदली आणि पुढे केसरबाई, मोगूबाईंच्या गळ्यातून देशभर पोहोचली. रॉक आणि ख्याल यांची तुलना मी करीत नाही, प्राध्यापक मंडळींनी रागावू नये! खंडानंतर परतणाऱ्याने काय घेऊन परतावे, एवढाच माझा मुद्दा आहे.

आणि यात श्रोत्यांचा, म्हणजे आपलाही दोष आहेच. आपल्या स्नेहसंमेलनात ओळखीचे सिनेमागीत सुरू झाले की शिट्ट्या, अनोळखी सुरावट आली की चहाच्या टपरीकडे रीघ. अशा श्रोत्यांसमोर नवे गाण्याची हिंमत विशीतल्यांना होत नाही, मग चाळिशीतल्यांची काय कथा? आमच्या वर्गातल्या एका गिटारवाल्याने स्वतः एक मराठी गाणे बांधले आहे, पण ते तो वसतिगृहाच्या गच्चीवरच वाजवतो. पुढच्या संमेलनात त्याला दहा मिनिटे द्यावीत, ही सांस्कृतिक विभागाला विनंती. त्या दहा मिनिटांत चहाला कोण कोण उठते, तेही पाहू.