पाहुणे कोरियाचे, बाटली आन्दोंगची

मैत्रिणींनो, 2023 मध्ये ह्युंदाईने तळेगावचा कारखाना घेण्याचा करार केला. चाकण-तळेगावकडचे कोरियन साहेब आता चिंचवड-निगडीच्या घरी जेवायला आले आणि भेट म्हणून 'आन्दोंग सोजू' घेऊन आले, तर गोंधळू नका.

तांदळाची ही दारू आन्दोंगला पूर्वी घरच्या बायकाच गाळत. पितरांच्या पूजेला आणि पाहुण्यांना ती लागे. 1965 साली तांदळाच्या दारूवर तिकडे बंदी आली. तरी चो ओक-ह्वा या बाईंनी कृती जपली, आणि 1987 मध्ये प्रांताने तिला वारसा म्हणून मान्यता दिली.

हिरव्या बाटलीतल्या साध्या सोजूहून ही कितीतरी कडक, साधारण 45 टक्के. म्हणून लहानशा पेल्यात, घोट घोट, आणि पोटात काही असतानाच. सोबत बांगडा तळा. आन्दोंगचाही खारवलेला बांगडा प्रसिद्ध आहे. पेला दोन्ही हातांनी घ्यायचा. पाहुण्याला आपला पेला आपणच भरू द्यायचा नाही.

आणि तुम्हाला घ्यायची नसेल तर? मुळीच संकोच नको. कोकम सरबताचा पेला उचला. पाहुण्याचा मान राहतो, आपलाही. मात्र ज्यांनी घेतली, त्यांनी गाडीला हात लावायचा नाही, हे साहेबांनाही हसत सांगा, आणि ह्यांनाही!