मनाच्या माथी किती खापरं फोडणार?

लैंगिक विषयांवर निर्भीडपणे लिहितो असा ज्यांचा दावा आहे, त्या एका सदरकारांनी नुकताच निकाल देऊन टाकला: पुरुषाला ताठरता येत नसेल तर दुखणं डोक्यात असतं, खाली शोधू नये. पुरावे तीन. पहाटे ताठरता येते, म्हणजे शरीर ठणठणीत. तपासण्या केल्या की माणूस उगाच घाबरतो. आणि ‘नसांची कमजोरी’ हा भिंती रंगवणाऱ्या वैदूंचा माल, सुशिक्षितांनी त्याला हात लावू नये. उपाय: प्राणायाम आणि पत्नीशी मोकळा संवाद. संवादाला कोण नाही म्हणेल? पण बोलण्याने तुटलेला मज्जातंतू सांधला गेल्याचं अजून कोणी पाहिलेलं नाही.

प्रोस्टेटच्या कॅन्सरचंच घ्या. त्यात अनेकदा शस्त्रक्रिया करून ती ग्रंथी पूर्ण काढतात. 1980च्या आधी या शस्त्रक्रियेनंतर बहुतेक सगळ्या पुरुषांची ताठरता जात असे. सदरकारांच्या हिशेबाने या सगळ्यांचं मन नेमकं भूल उतरण्याच्या मुहूर्तावर बिघडलं असणार! 1981मध्ये बाल्टिमोरचे सर्जन पॅट्रिक वॉल्श नेदरलँड्समधल्या लायडनला गेले. तिथले निवृत्त प्राध्यापक डॉंकर यांच्यासोबत त्यांनी मृत जन्मलेल्या अर्भकांच्या देहात लिंगाकडे जाणाऱ्या मज्जातंतूंची वाट शोधली. ते ग्रंथीतून जातच नाहीत. तिच्या बाहेरून, मागच्या दोन्ही कडांनी खाली उतरतात. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये वॉल्श यांनी ते तंतू जाणीवपूर्वक जपून शस्त्रक्रिया केली आणि त्या रुग्णाची ताठरता कालांतराने परतली. कॅन्सरची धास्ती आधीच्या रुग्णांनाही होती, यालाही होती. बदलली फक्त सुरीची वाट. की वॉल्शनी त्या गृहस्थांना टेबलावरच प्राणायाम शिकवला होता?

आता अपघातात मज्जारज्जू वरच्या भागात तुटलेला माणूस पाहा. कमरेखाली त्याला काही जाणवत नाही, तरी स्पर्शाने ताठरता येऊ शकते, कारण मज्जारज्जूच्या खालच्या टोकाला असलेलं एस2 ते एस4 हे केंद्र मेंदूला न विचारता काम करतं. तेच केंद्र चिरडलं गेलं की स्पर्शाची वाट बंद होते. मात्र काहींना नुसत्या कल्पनेने, वरून येणाऱ्या वेगळ्या तंतूंमार्फत, ताठरता येते. इतका नेमका नकाशा हाताशी असताना ‘सगळं मनात’ म्हणणं म्हणजे आळस.

पहाटेचा पुरावा ज्यांना तेव्हा ताठरता येते त्यांच्यापुरता ठीक. ज्यांना पहाटेही येत नाही त्यांच्याबद्दल सदर गप्प आहे. तपासणीच्या भीतीबद्दल एवढंच, की साखर तपासल्याने कोणी नामर्द झाल्याचं ऐकिवात नाही.

राहिले वैदू. या विषयांवर उघड बोलावं की नाही, हा वाद जुना आहे. संततिनियमनावर लिहिलं तर समाज बिघडेल म्हणणारे होते; शरीरशास्त्राचा ‘तो’ धडा घरी वाचा म्हणून पान उलटणारे गुरुजी होते. दर खेपेला सभ्य माणसांनी सोडलेली जागा जाहिरातवाल्यांनी बळकावली. हस्तमैथुनाने नसा सुकतात ही वैदूची थाप आहे, म्हणून मज्जातंतूच थाप ठरतात का? भेसळ होते म्हणून दूधच नसतं असं गवळ्याला कोणी सांगत नाही.

मग माझं म्हणणं काय? थोडंच आहे. उत्तेजना झाली की लिंगाकडे जाणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांतून नायट्रिक ऑक्साइड सुटतो, रक्तवाहिन्या सैलावतात, रक्त भरतं. 1998मध्ये ताठरतेसाठी बाजारात आलेली सिल्डेनाफिलची गोळी याच क्रियेचा परिणाम लांबवते. सुरुवातच झाली नाही तर गोळी फारसं काही करू शकत नाही. मधुमेह हे तंतू झिजवतो, रक्तवाहिन्याही. अति मद्यपान, बी12ची कमतरता, पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस हेही त्याच रांगेत. तळपायाला मुंग्या येतात हे सांगणारा मधुमेही ही दुसरी तक्रार गिळतो आणि डॉक्टरही विचारत नाहीत; दोघांनी तोंड उघडावं. मधुमेहावरची मेटफॉर्मिनची गोळी बी12 घटवू शकते, म्हणून ती वर्षानुवर्षं घेणाऱ्याने बी12 तपासून घ्यावं. कंबरदुखीसोबत मांड्यांच्या आतल्या बाजूला, बसायच्या जागी बधिरपणा आला, लघवी अडकली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठावं. उशीर झाला तर मज्जातंतूंचं नुकसान कायमचं होऊ शकतं.

मनाचा वाटा मी नाकारत नाही. चिंतेने ताठरता जाते, आणि गेलेल्या ताठरतेने चिंता वाढते. पण मनावर ठपका ठेवायचा तो शरीर पाहून झाल्यावर. घोट्यामागे हातोडी हलकेच मारून पाहायला मिनिटही लागत नाही, साखरेला थोडंसं रक्त पुरतं. एवढंही न करता ‘मनातच आहे तुमच्या’ म्हणणाऱ्याने सल्ला खुशाल द्यावा, फी तेवढी मागू नये.