दिवा पेटला, म्हणून सेन्सर बदलू नका

नाशिकच्या महिंद्रा कारखान्यातून २००२ पासून स्कॉर्पिओ आणि २००७ पासून लोगन बाहेर पडली. त्यातल्या अनेक गाड्या आता वयस्क झाल्या आहेत. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला की त्यांचे मालक धास्तावतात, आणि पुष्कळदा निदानाआधीच सेन्सरचे बिल हाती पडते.

स्कॅनर बिघडलेला भाग दाखवत नाही. तो फक्त तक्रारीचा कोड दाखवतो. पी०१७१ हा कोड मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त असल्याचे सांगतो. कारण तडकलेला व्हॅक्यूम पाइप, मळलेला एअरफ्लो सेन्सर किंवा कमजोर इंधन पंप, यांपैकी काहीही असू शकते. ऑक्सिजन सेन्सर बिचारा केवळ खबर देणारा असतो.

जुन्या गाडीत तपासणी बॅटरीपासूनच व्हायला हवी. बंद गाडीत साधारण १२.६ व्होल्ट, चालू इंजिनावर साडेतेरा ते साडेचौदा. मग अर्थिंग, फ्यूज आणि पावसाने गंजलेले कनेक्टर. मल्टिमीटरने हे काही मिनिटांत कळते.

मात्र ऑइलचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला, तर कसारा घाटातही सुरक्षित जागा पाहून लगेच थांबावे. इंजिनाचा दिवा लुकलुकत असेल तर मिसफायर होत असतो. तसेच दामटल्यास कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळतो.

गॅरेजवाल्यांनी कोड आणि केलेली चाचणी बिलावर लिहून द्यावी. ग्राहकांनीही ती मागितल्याशिवाय नवा भाग बसवू देऊ नये.