केळ्याची झोप आणि आमची

परवा एका कार्यक्रमात एक वक्ते 'डुनेडिन'ची गोष्ट सांगत होते. १८८२ साली हे शिडाचं जहाज न्यूझीलंडहून जवळजवळ पाच हजार गोठवलेली मेंढरं घेऊन लंडनला निघालं. उष्ण कटिबंधात फाळक्यातली थंड हवा नीट खेळेना, तेव्हा कप्तान व्हिटसन स्वतः आत सरपटत गेला, करवतीने हवेसाठी भोकं पाडली आणि गारठून मरता मरता वाचला. लंडनला पोचल्यावर एकच मेंढरू फेकावं लागलं. टाळ्या!

मला काही टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या नाहीत. मी रीफर जहाजांवर इंजिनीयर होतो. मालासाठी माणसाने मरायला टेकावं ही आमच्या धंद्याची लाडकी कथा आहे, आणि ती अजून संपलेली नाही.

रीफर म्हणजे काय ते आधी सांगतो. बाहेरून देखणं जहाज, निमुळतं नाक, ऊन परतवायला पांढरा रंग. साधं धान्य-कोळशाचं जहाज तेरा-चौदा नॉट्सने रेंगाळतं, हे वीसच्या आसपास पळतं. आत एकावर एक ठेंगणे डेक, भिंतींना जाड इन्सुलेशन, पायाखाली जाळी. थंड हवा जाळीखालून येते आणि मालातून वर जाते. केळ्याला लागतात साधारण तेरा अंश. एखाद-दोन अंश खाली गेलं की साल काळवंडते, वर गेलं की फळ पिकायला लागतं. एक घड पिकला की त्याचा इथिलीन वायू शेजाऱ्यांनाही पिकवतो, म्हणून ताजी हवाही सतत द्यायची. इतके लाड कोणी माझे केले नाहीत!

इक्वेडोरच्या ग्वायाकिलला माल चढतो तेव्हा केळी उन्हातून आलेली, गरम असतात. त्यांची उष्णता लवकरात लवकर काढायची. सगळे कॉम्प्रेसर एकदम चालू, आणि त्याच वेळी नदीतून बाहेर पडायचं, म्हणजे इंजिन रूममध्येही सगळे हजर. पुढे पनामा कालवा, पुन्हा सगळे हजर. या दिवसांत सलग चार तास झोप मिळाली तर मी सण साजरा करायचो.

आता कायदा बघा. २००६ चा मेरीटाइम लेबर कन्व्हेन्शन २०१३ पासून लागू आहे. चोवीस तासांत किमान दहा तास आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती द्यायलाच हवी. कागदावर ती मिळतेच. आमच्या कॉम्प्युटरवर खरे तास भरले की रकाना लाल व्हायचा. "जरा बघ रे, लाल नको," इतकंच वरून यायचं. लेखी कधीच नाही. मग आम्ही बघायचो. केळ्याच्या तपमानाच्या नोंदीत मात्र कुणाची हात घालायची छाती नव्हती, कारण तिथे माल उतरवून घेणारा स्वतः फळात थर्मामीटर खुपसून बघतो. माझ्या झोपेत कोण थर्मामीटर खुपसणार?

हे माझं एकट्याचं रडगाणं नाही. स्वीडनमधल्या वर्ल्ड मेरीटाइम युनिव्हर्सिटीने २०२० साली याच खोट्या नोंदींवर अहवाल काढला. त्याचं नावच 'अ कल्चर ऑफ अॅडजस्टमेंट'.

यावर ठरलेलं उत्तर येतं : "अहो, आता सगळं कंटेनरमध्ये जातं, तपमान ऑफिसात बसून दिसतं." बरोबर आहे. जुनी रीफर जहाजं कमी होत चालली आहेत. पण शेकडो रीफर कंटेनर लादलेल्या जहाजावर एखादा बंद पडला, तर भर वाऱ्यात डेकवर शिडी चढून जाणारा इलेक्ट्रिशियन बऱ्याचदा एकटाच असतो. ऑफिसातल्या पडद्यावर फक्त अलार्म दिसतो.

खरा घोळ माणसांच्या संख्येत आहे. जहाज ज्या देशाचा झेंडा लावतं तो देश किमान किती खलाशी हवेत ते ठरवतो, आणि मालक त्या किमानालाच कमाल समजतात. जहाज सुरक्षित चालवायला किती माणसं लागतात ते मोजलं जातं. माल थंड ठेवायला किती, हे त्या हिशोबात जवळपास नसतंच. माझी मागणी साधी आहे. जिवंत फळं भरलेल्या जहाजावर त्या यंत्रणेसाठी एक जास्तीचा इंजिनीयर सक्तीचा करा. त्याच्या पगाराने केळी महागतील म्हणणाऱ्यांनी एका जहाजात किती लाख केळी मावतात ते आधी मोजावं, आणि मग त्या पगाराला भागून बघावं.